देवळालीचा ताप, नॉर्थफील्डची दुपार

रत्नागिरीहून समुद्राच्या काठाने गणपतीपुळ्याकडे निघाले की वाटेत आरे आणि वारे ही गावे लागतात. आता ती सुरूच्या बनासाठी आणि किनाऱ्यासाठी प्रसिद्ध आहेत. सुटीत तिथे गाड्यांची रांग लागते. पण या किनारपट्टीची जुनी ओळख वेगळी आहे. जमीन थोडी, तीही कातळाची, पीक पावसाळ्यातले एकच. त्यामुळे घरटी एखादा माणूस बाहेर असे: मुंबईच्या गिरणीत, गोदीत, बोटीवर, नाहीतर पलटणीत. जुन्या मुंबई सैन्याला रत्नागिरी जिल्ह्याने मोठ्या संख्येने शिपाई पुरवले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, हे त्यांतले सर्वांना माहीत असलेले नाव. कोकणातल्या कितीतरी घरांना आजही गावात 'सुभेदारांचे' किंवा 'हवालदारांचे' घर म्हणतात.

पलटणीतून माणूस परत येई तो पेन्शन घेऊन. कधी हात किंवा पाय गमावून येई. आणि कधी अंगावर एकही ओरखडा नसताना तो रात्री ओरडत उठे, कुणाशी बोलेनासा होई, दारूला लागे, क्षुल्लक कारणावरून अंगावर धावून येई. पहिल्या दोन प्रकारांसाठी सरकारदरबारी रकाने होते. तिसऱ्यासाठी गावाकडे 'बाधा' हा शब्द होता आणि सैन्याकडे 'नालायक ठरवून घरी पाठवला' एवढा शेरा. रत्नागिरी शहरात १८८६ पासून मनोरुग्णालय आहे, पण त्या काळातली असली रुग्णालये मुख्यतः माणसे कोंडून ठेवण्याच्या जागा होत्या. अशा शिपायाला त्याच्यासारख्याच आठ-दहा जणांबरोबर बसवावे आणि बोलू द्यावे, हाच उपचार होऊ शकेल, ही कल्पना वैद्यकाला सुचायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. ती कशी सुचली याची ही हकीकत आहे. तिचा एक धागा महाराष्ट्रातूनच जातो आणि तो इंग्रजी भाषेत अडकून राहिला आहे.

इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला 'डुलाली' म्हणतात. हा शब्द म्हणजे नाशिकजवळची आपली देवळाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे ब्रिटिश सैन्याची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत तिथे थांबत. सैनिकांना नेणाऱ्या बोटी साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. ज्याची मुदत मार्चनंतर संपे त्याला पुढच्या हंगामापर्यंत, म्हणजे सबंध उन्हाळा आणि पावसाळा, देवळालीत काढावा लागे. अशा शिपायांत काही जण विचित्र वागू लागत. त्याला शिपायांच्या बोलीत 'डुलाली टॅप' असे नाव पडले. यातला 'टॅप' म्हणजे आपला 'ताप'च. पुढे 'टॅप' गळून पडला आणि 'डुलाली' शब्दकोशात गेला.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरीला होता. त्याने १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आठवणींत या तापाचे वर्णन आहे. वर्षानुवर्षे ज्यांच्या नावावर एकही गुन्हा नाही असे शिपाई देवळालीत येऊन बिघडत, असे त्याचे निरीक्षण होते. कारणे शोधायची तर ऊन, मलेरिया, दारू, गुप्तरोग अशी बरीच सापडतात, आणि एकूण तक्रारींत त्यांचा वाटा नक्कीच असणार. पण हीच कारणे त्या शिपायाच्या आधीच्या छावणीतही हजर होती. देवळालीत नवे काय होते? त्याची पलटण मागे राहिलेली होती. करायला काम नव्हते. भोवती शेकडो माणसे होती, पण ती केवळ एकाच बोटीची वाट पाहणारी माणसे होती. एकमेकांवर कशासाठीही अवलंबून नसलेली. गर्दी आणि गट यांतला फरक दाखवायला देवळालीइतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. मात्र त्या काळी या दृष्टीने कोणी पाहिले नाही. आजार शिपायाच्या डोक्यात आहे, एवढेच गृहीत होते.

पहिल्या महायुद्धात हे गृहीत अधिक पक्के झाले. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या डॉक्टरने 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'शेल-शॉक' हा शब्द वापरला, तेव्हा तोफगोळ्याच्या स्फोटाने मेंदूला हादरा बसतो अशी समजूत होती. लवकरच दिसून आले की स्फोटाच्या जवळपासही न गेलेल्यांना तीच लक्षणे होतात: थरथर, वाचा जाणे, पाय लुळे पडणे. मग बोलून उपचार करणारे डॉक्टर पुढे आले. त्यांतले सर्वांत गाजलेले डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स. ते मूळचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ. निलगिरीतल्या तोडा जमातीवरचे त्यांचे पुस्तक १९०६ मध्ये निघाले होते. स्कॉटलंडमधल्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात त्यांनी अधिकाऱ्यांशी एकेकट्याने, बंद खोलीत, धीराने संवाद साधला. पण ही चैन अधिकाऱ्यांपुरती होती. साध्या शिपायाच्या वाट्याला बहुधा विजेचे झटके, दरडावणी किंवा सक्तीची विश्रांती येई.

आणि हिंदी शिपायाच्या वाट्याला संशय. फ्रान्समध्ये लढणारे हिंदी शिपाई परत जाण्यासाठी स्वतःच्या हातावर गोळी झाडून घेतात, अशी कुजबूज १९१४-१५ मध्ये जोरात होती. ब्रायटनच्या किचनर रुग्णालयाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १,००० जखमांची पद्धतशीर तपासणी केली आणि या आरोपाला आधार सापडत नाही असा अहवाल दिला. एका अफवेला मोजमापाने दिलेले हे उत्तर विज्ञानाच्या वर्गात सांगण्यासारखे आहे. पण लक्षात घ्या, तपासणी जखमांची झाली. जखमेमागच्या मनाची चौकशी करायला त्या शिपायाची भाषा यायला हवी होती, आणि ती येणारे डॉक्टर फार थोडे होते. पुढे कुत-अल-अमाराच्या वेढ्यात सहाव्या (पूना) डिव्हिजनबरोबर मराठा पलटणीही अडकल्या. जवळपास पाच महिन्यांची उपासमार आणि १९१६ च्या एप्रिलमधल्या शरणागतीनंतरचा तुर्कांचा बंदिवास सोसून त्यांतले जे परतले त्यांच्या शौर्याच्या नोंदी आहेत. त्यांच्या रात्री कशा गेल्या याची नोंद घेण्याची पद्धतच नव्हती.

आता नॉर्थफील्डकडे वळू. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ हॉलीमूर नावाचे मनोरुग्णालय होते. १९४२ मध्ये सैन्याने ते ताब्यात घेतले आणि त्याचे नाव नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालय झाले. त्याचे दोन भाग होते: एक उपचाराचा आणि दुसरा, बरे होत आलेल्यांना पुन्हा शिस्तीची सवय लावण्यासाठी, प्रशिक्षणाचा. १९४२-४३ च्या हिवाळ्यात या प्रशिक्षण विभागाचे प्रमुख म्हणून मेजर विल्फ्रेड बायन आले.

बायन यांचा जन्म १८९७ मध्ये मथुरेचा. वडील इथे अभियंते होते. आठ वर्षांचा असताना मुलाला शिक्षणासाठी एकट्याला इंग्लंडच्या वसतिगृहात पाठवले गेले. पहिल्या महायुद्धात वयाच्या विसाव्या वर्षी ते रणगाड्यावर होते. १९१७ मध्ये कांब्रेच्या लढाईत त्यांना मोठे शौर्यपदक मिळाले. म्हणजे शिपाई का कोसळतो हे सांगण्यासाठी त्यांना पुस्तक उघडण्याची गरज नव्हती.

विभागात आल्यावर त्यांना दिसले ते असे. दिवसभर कोणी ना कोणी तक्रार घेऊन त्यांच्या टेबलाशी उभा: याला रजा हवी, त्याची कोणाशी भांडाभांडी, तिसऱ्याला अमुक नियमातून सूट. प्रत्येक तक्रार वैयक्तिक आणि प्रत्येकीचे उत्तर डॉक्टरांनी द्यायचे. बायन यांनी विचार केला की युद्धात तुकडी एकत्र येते ती समोर शत्रू दिसतो म्हणून. इथे शत्रू कोणता? त्यांचे उत्तर होते, मनोविकार हाच शत्रू, आणि तो एकेका शिपायाचा खासगी शत्रू नसून सबंध विभागाचा आहे. तो सगळ्यांना दिसेल अशी व्यवस्था केली, तर सगळे मिळून त्याच्याशी लढतील.

त्यासाठी त्यांनी काही साधे नियम लावले. वैद्यकीय सूट नसेल तर प्रत्येकाने रोज एक तास कवायत करायची. प्रत्येकाने निदान एका गटात असायचेच: सुतारकाम, हस्तव्यवसाय, नकाशावाचन, काहीही. मनासारखा गट नसेल तर नवा काढायची मुभा. आज गटात जाववत नाही असे वाटले तर विश्रांतीच्या खोलीत जाऊन बसायचे, तिथे परिचारक असे आणि गडबड करायची नाही. आणि रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांनी अर्धा तास एकत्र जमायचे. नाव 'सूचना देण्यासाठी'. खरा हेतू, सगळ्यांनी थोडे मागे सरून आपल्याच विभागाकडे पाहावे.

पहिले काही दिवस फारसे घडले नाही. फलकावर उद्योगांची यादी मोठी, प्रत्यक्षात बऱ्याच खोल्या ओस. बायन यांनी दुपारच्या बैठकीनंतर एक-दोघांना बरोबर घेऊन विभागातून फेरी मारायला सुरुवात केली. कुणाला पकडण्यासाठी नव्हे, जे आहे ते नुसते बघण्यासाठी. मग तक्रारी येऊ लागल्या. बराकी अस्वच्छ आहेत. शंभरातले ऐंशी जण कामचुकार आहेत, आम्ही वीस जणच काय ते करतो, त्यांना शिक्षा का करत नाही? वर्गशिक्षकाने असे वाक्य किती वेळा ऐकलेले असते! शिक्षा करणे बायन यांना शक्य होते; ते मेजर होते. त्यांनी ती केली नाही. प्रश्न त्यांनी पुन्हा बैठकीपुढेच ठेवला: ऐंशी जण असे का वागत असतील, याचा अभ्यास कोणी करायचा? हळूहळू शिपायांनीच स्वच्छतेची व्यवस्था केली, गट खरोखर भरू लागले, आणि बायन यांच्या टेबलापाशी उभे राहणाऱ्यांची संख्या घटली.

हा प्रयोग सहा आठवडेच चालला. रुग्णालयाचा उरलेला भाग जुन्याच शिस्तीने चालत होता, आणि एका विभागातला मुद्दाम सहन केलेला गोंधळ वरिष्ठांना खपला नाही. बायन यांची बदली झाली. त्यांनी आणि त्यांचे सहकारी जॉन रिकमन यांनी १९४३ च्या नोव्हेंबरात 'लॅन्सेट'मध्ये या अनुभवावर एक छोटा लेख लिहिला. आजही तो वाचावा असा आहे. त्यात स्वतःची पाठ थोपटणे जवळजवळ नाही.

गटाने उपचार करण्याची कल्पना अगदी नवी होती असे नाही. बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट यांनी १९०५ मध्ये क्षयरोग्यांचे वर्ग भरवले होते. पण तिथे डॉक्टर शिकवत आणि रोगी ऐकत. नॉर्थफील्डमध्ये गटच एकमेकांचा वैद्य झाला.

बायन गेल्यानंतर ही कल्पना तिथेच पुन्हा उगवली, आणि या वेळी टिकली. एस. एच. फुक्स (त्यांनी पुढे आडनाव फोक्स असे लिहिले) हे जर्मन ज्यू डॉक्टर १९४३ मध्ये नॉर्थफील्डला आले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैन्यात तारायंत्र-दूरध्वनी विभागात होते, म्हणजे बायन यांच्या विरुद्ध बाजूला. १९३३ मध्ये हिटलर आल्यावर त्यांनी देश सोडला. त्यांनी सात-आठ जणांना वर्तुळात बसवून बोलू देण्याची पद्धत घडवली. त्यांचे म्हणणे असे की माणूस हा दूरध्वनीच्या जाळ्यातल्या गाठीसारखा आहे. एका गाठीत खरखर ऐकू आली तरी बिघाड जाळ्यात कुठेही असू शकतो. पूर्वी तारा जोडणाऱ्याला ही उपमा सुचावी यात नवल नाही.

त्यानंतर आलेल्या हॅरॉल्ड ब्रिजर यांनी आणखी गमतीचा प्रयोग केला. रुग्णालयाच्या मध्यभागी एक वॉर्ड रिकामा करून घेतला आणि त्याला 'क्लब' असे नाव दिले. आत काहीच ठेवले नाही. काही दिवसांनी रुग्ण संतापून आले: जागा आणि पैसा वाया का घालवता? ब्रिजर यांनी सगळ्यांची सभा बोलावली. तिथे भांडण झाले, आणि त्या भांडणातून रुग्णांनीच क्लब उभा केला. टॉम मेन यांनी १९४६ मध्ये या सगळ्याला 'उपचारक समाज' अशा अर्थाचे नाव दिले: रुग्णालयाची इमारत, स्वयंपाकघर, शिपाई, परिचारिका, सगळे मिळून उपचार.

याच सुमारास हिंदुस्थानात काय चालले होते? १९४३ मध्ये अराकानच्या मोहिमेतून चौदावी हिंदी डिव्हिजन मागे आली तेव्हा तिची अवस्था अशी होती की सबंध डिव्हिजनच मनोरुग्ण मानावी, असे मत मानसोपचाराच्या बाजूने नोंदले गेले. आजार एकेकट्याचा नाही, तुकडीचा आहे, हे बायन यांचेच निरीक्षण वेगळ्या वाटेने इथे पोहोचले होते. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मानसोपचारतज्ज्ञ पुढच्या ठाण्यांजवळ आणले गेले. शिपायाला दूर पाठवायचे नाही, जवळच थोडी झोप आणि अन्न द्यायचे आणि त्याच्याच माणसांत परत सोडायचे, हे त्यामागचे तत्त्व. मराठा किंवा महार कंपनीतला शिपाई आपल्याच मुलखातल्या, आपली बोली बोलणाऱ्या माणसांत असे. त्याला हजार मैलांवरच्या रुग्णालयात नेले की उपचाराआधीच त्याचा गट हिरावला जाई.

बायन यांची दुसरी एक कल्पना मात्र हिंदुस्थानात अगदी लगेच आली आणि रुजली. नॉर्थफील्डच्या आधी ते अधिकारी निवडीच्या मंडळावर होते. तिथे त्यांनी काही उमेदवारांना एकत्र काम द्यायचे पण पुढारी नेमायचा नाही आणि कोण इतरांना बरोबर घेऊन चालतो ते पाहायचे, अशी चाचणी काढली. १९४३ मध्ये डेहराडूनला असे निवड मंडळ सुरू झाले. सैन्यात अधिकारी होऊ इच्छिणारी आपली मुले आज 'एसएसबी'ला जातात तेव्हा पाचसहा जणांनी मिळून लाकडाची फळी आणि दोर यांच्या साहाय्याने अडथळा ओलांडायचा असतो. छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, सैनिकी सेवापूर्व संस्थेत १९७७ पासून मुले याचीच तयारी करतात. त्या फळीचे आणि नॉर्थफील्डच्या दुपारच्या बैठकीचे मूळ एकच आहे. आपण गटाची ही कल्पना अधिकारी निवडण्यासाठी घेतली. कोसळलेल्या शिपायाला उभे करण्यासाठी तितक्या उत्साहाने घेतली नाही, असे माझे मत आहे.

यामागे फक्त अनास्था नसावी. सैन्यात उतरंड असते. आपल्या पलटणीत 'सैनिक संमेलन' भरते, त्यात कमांडिंग अधिकारी जवानांशी बोलतात आणि जवान अडचणी मांडू शकतात. व्यवस्था चांगलीच आहे. पण सुभेदार साहेबांसमोर 'मला रात्री झोप लागत नाही, हात कापतो' हे कोण बोलेल? बढतीची, शस्त्र हातातून जाण्याची, 'मेडिकल कॅटेगरी' खाली येण्याची भीती खरी असते. नॉर्थफील्डमध्येही हा पेच होता. डॉक्टरच्या अंगावर गणवेश होता, आणि बरे करणे म्हणजे पुन्हा लढाईच्या कामाला लावणे. रुग्णाचे हित आणि सैन्याची गरज यांत डॉक्टर कोणाचा, हा प्रश्न तेव्हाही सुटला नव्हता.

भारतात गटाचा उपचार दुसऱ्या दारातून आला. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात रुग्णांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहू दिले आणि सगळ्यांना एकत्र बसवून आजाराबद्दल बोलायला सुरुवात केली. आपल्याकडे माणसाचा सहज गट म्हणजे कुटुंब, हे त्यांनी ओळखले. व्यसनाच्या क्षेत्रात पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून गटात बसून बोलणे मराठी घरांच्या ओळखीचे केले.

माजी सैनिकांनी स्वतःच ही कल्पना हाती घेतल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतले. व्हिएतनामहून परतलेल्या तरुणांचा सरकारी रुग्णालयांवर विश्वास नव्हता. १९७० च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आपल्या गप्पांचे गट सुरू केले. रॉबर्ट लिफ्टन आणि खाईम शातान हे मानसोपचारतज्ज्ञ तिथे बसत, पण तज्ज्ञ म्हणून वरच्या खुर्चीवर नव्हे. त्या खोल्यांत जमलेली माहिती पुढच्या चळवळीला उपयोगी पडली, आणि १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकार हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या अधिकृत यादीत आले.

आता वैज्ञानिकाने विचारायचा प्रश्न: याने गुण येतो का? नॉर्थफील्डमध्ये तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे तिथल्या यशाला पुरावा म्हणता येत नाही. नीट चाचण्या खूप उशिरा झाल्या. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्हिएतनाममध्ये लढलेल्या ३६० जणांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन प्रकारच्या गटांत वाटले. एका गटात युद्धातला आघात पुन्हा पुन्हा उलगडायचा, दुसऱ्यात फक्त आजच्या अडचणींवर बोलायचे. दर आठवड्याला एक याप्रमाणे तीस आठवडे. दोन्ही गटांत थोडी सुधारणा झाली, आणि दोन्हींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात नोकरीत असलेले २६८ अमेरिकी सैनिक होते. एकच उपचारपद्धती काहींना एकेकट्याने दिली, काहींना गटात. सुधारणा दोन्हीकडे झाली, पण एकेकट्याने दिलेल्या उपचाराचा गुण अधिक होता.

गटाच्या भक्तांना हे निकाल रुचत नाहीत. मला ते महत्त्वाचे वाटतात. आघाताची नेमकी आठवण सोडवण्याचे काम गट फारसे चांगले करत नसेल. तिथे शिकलेला उपचारक समोर हवा. पण '२००३'चा निकाल पुन्हा पाहा. आघाताबद्दल न बोलताही माणसे तितकीच सुधारली. मग गटात काय होते? आपण एकटेच असे नाही हे कळणे, दुसऱ्याच्या उपयोगी पडणे, ठरलेल्या दिवशी आपली कोणी वाट पाहत असणे. देवळालीच्या छावणीत नेमके हेच नव्हते.

गटाचा उपयोग मोजताना लक्षणांची संख्या मोजतात. माणूस किती वेळा घराबाहेर पडला, पोराच्या शाळेत सभेला आला की नाही, हे मोजणारे अभ्यास तुलनेने कमी आहेत. शिक्षकांना मात्र ही माहिती आपसूक असते. गावातला कोणता माजी सैनिक पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला येतो आणि कोणता आमंत्रण देऊनही येत नाही, हे मुख्याध्यापकांना ठाऊक असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला ते तितक्या बारकाईने ठाऊक असेलच असे नाही.

१ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी 'टेली-मानस'चा स्वतंत्र कक्ष प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. टेली-मानसचा देशभरचा क्रमांक १४४१६ आहे आणि तो कोणालाही लावता येतो. दूरध्वनीवर नाव उघड होत नाही, सुभेदार साहेब समोर नसतात. संकोच मोडायला ही सोय फार चांगली. पण पलीकडे एकच कान असतो. फोन ठेवल्यावर तो जवान पुन्हा आपल्या ओटीवर एकटाच असतो, आणि दोन वाड्या पलीकडे तसाच आणखी एक जण बसलेला असतो.

बायन यांनी आयुष्याच्या अखेरीस, ऐंशी ओलांडल्यावर, जन्मभूमीत यायचे ठरवले होते. १९८० च्या जानेवारीत ते मुंबईत येऊन इथल्या मनोविश्लेषकांबरोबर काम करणार होते. ८ नोव्हेंबर १९७९ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वयाच्या आठव्या वर्षी हिंदुस्थान सोडल्यानंतर ते इथे परत आलेच नाहीत.